‘बीट अराउंड द बुश’ला ‘आढेवेढे घेणे’ चालेल का?

कर्वेरस्ता

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द अशी यादी करायचं काम सुरू आहे. ‘बीट अराउंड द बुश’समोर ‘आढेवेढे घेणे’ असं लिहिलं आहे, पण ते खटकतंय. ‘वन्स इन अ ब्लू मून’, ‘ब्रेक द आइस’, ‘लीड अप द गार्डन पाथ’ आणि ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ हेही अडले आहेत. शब्दशः भाषांतर नको. त्या जागी मराठी माणूस काय म्हणेल ते हवं.

शनिवारपेठ

खटकतंय ते योग्यच आहे, ‘आढेवेढे’ काढून टाका. आढेवेढे घेणाऱ्याला काहीतरी करायला सांगितलेलं असतं आणि तो पटकन ‘हो’ म्हणत नाही. गाणं म्हणायला आढेवेढे, पंगतीत आणखी एक जिलबी घ्यायला आढेवेढे. यात मुद्दा कोणीच लपवत नसतं. ‘बुश’वाला माणूस उलट भरपूर बोलतो, फक्त मुद्द्यावर येत नाही.

मूळ चित्र शिकारीचं आहे. हाकारे काठ्यांनी झुडपं बडवतात, पक्षी उठतात, मग शिकार होते. जो नुसता झुडपाभोवती बडवत फिरतो, त्याच्या हाती पक्षी लागत नाही. ब्रिटिश लोक ‘अबाउट द बुश’ म्हणतात, अमेरिकन ‘अराउंड’. दोन्ही बरोबर.

मराठीत यासाठी एकच शब्द शोधू नका, कारण मराठी माणूस इथे मुद्दा टाळण्याचं कारण पाहून शब्द निवडतो. अडचणीचा प्रश्न मुद्दाम टाळला जात असेल तर ‘मुद्द्याला बगल देणे’. पत्रकारानं पाणीपुरवठ्याबद्दल विचारलं आणि पुढारी मेट्रोबद्दल बोलत बसला, तर ती बगल. डाव काहीच नसेल, सवयीनं लांबण लागत असेल, तर ‘पाल्हाळ लावणे’. आणि काहीतरी मागायचं आहे पण तोंडातून निघत नाही, तिथे ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’. घरमालक येतो, तब्येतीची चौकशी करतो, नळाला पाणी नीट येतं का विचारतो, महागाईवर बोलतो. भाडेकरूच्या लक्षात येतं आणि तो म्हणतो, “काका, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय, भाडं किती वाढवायचं ते सांगा.” इंग्रजीत नेमकं याच जागी ‘स्टॉप बीटिंग अबाउट द बुश’ येईल.

यादीत तिन्ही द्या आणि प्रत्येकापुढे एक वाक्य द्या. वाक्याशिवाय दिलेला वाक्प्रचार मुलं हमखास चुकीच्या जागी वापरतात.

मुळाकाठ

‘ब्लू मून’बद्दल. प्रतिशब्द सोपा आहे: ‘सटीसामाशी’. “सटीसामाशी कधीतरी फोन करतो.” अगदी तंतोतंत बसतो, ‘सामाशी’ म्हणजे सहा महिन्यांनी हा काळाचा उल्लेखही त्यात आहे. ‘कधी नव्हे ते’ जरा जपून वापरा. तो एका घटनेबद्दल असतो, “कधी नव्हे ते आज वेळेवर आला.” इंग्रजी वाक्प्रचार मात्र वारंवारतेबद्दल आहे.

या चंद्राचा हिशेब मुलांना जरूर सांगावा, कारण तो आपल्या पंचांगात आधीपासून बसलेला आहे. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८ होतात आणि पौर्णिमा २३५. जास्तीच्या ७ पौर्णिमा कुठल्या तरी महिन्यात दुसऱ्या म्हणून शिरतातच, म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांतून एकदा. आपले अधिक मासही १९ वर्षांत ७ येतात, कारण चांद्र आणि सौर वर्षांमधला फरक एकच आहे, फक्त तो दोन रीतींनी भरून निघतो. २०२० मध्ये अधिक आश्विन होता आणि ऑक्टोबरात दोन पौर्णिमा होत्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण आणि ऑगस्टात दोन पौर्णिमा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आणि मे महिन्यात दोन.

मात्र दोन पौर्णिमांचा हा अर्थ नवा आहे. १९४६ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकातल्या लेखात जुन्या अमेरिकन पंचांगाचा नियम चुकीचा लावला गेला आणि तोच पुढे रूढ झाला. जुन्या नियमात तीन महिन्यांच्या एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. वाक्प्रचार या लेखाच्या कितीतरी आधीचा, एकोणिसाव्या शतकात वापरात असलेला. म्हणून ‘पावणेतीन वर्षांतून एकदा’ असा अर्थ यादीत लिहू नका. अर्थ ‘क्वचितच’ एवढाच आहे.

अधिक मासाचा विषय निघालाच आहे तर ‘दुष्काळात तेरावा महिना’ हाही घ्या. तो या खणातला नाही, संकटात भर पडण्याचा आहे. इंग्रजीत त्याला ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ जवळचं. तिथे पावसाचा जोर हे संकट आणि इथे पावसाची वाट पाहताना एक महिना वाढणं हे संकट. दोन मुलखांची हवा दोन वाक्प्रचारांत उतरली आहे.

शनिवारपेठ

हे उत्तम. ‘रेन कॅट्स अँड डॉग्ज’ यादीत असेलच, त्यापुढे ‘मुसळधार’ किंवा ‘धो धो’ लिहा आणि पुढे चला. फक्त एक टीप द्या: आजचा इंग्रज सहसा ‘इट्स पोअरिंग’ म्हणतो. कुत्र्यामांजरांचा पाऊस आपल्या पाठ्यपुस्तकांतच जास्त पडतो.

कात्रजबोगदा

‘गार्डन पाथ’समोर ‘कात्रजचा घाट दाखवणे’ लिहायचा मोह होईल. पुण्यात तर नक्कीच होईल. पण थोडं थांबा, कारण इथे चार-पाच इंग्रजी वाक्प्रचार एकमेकांना चिकटून उभे आहेत.

कात्रजच्या घाटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल १६६३, लाल महालात शाहिस्तेखानावर छापा. आख्यायिका अशी की बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाच्या वाटेला लागले. म्हणजे या वाक्प्रचारात तीन गोष्टी लागतात: मागे लागलेला कोणीतरी, मुद्दाम उभी केलेली खोटी खूण, आणि तेवढ्या वेळात निसटून जाणारा. इंग्रजीत याला नेमकं ‘थ्रो समवन ऑफ द सेंट’. शिकारी कुत्र्यांना वासावरून चुकवणं.

‘लीड अप द गार्डन पाथ’मध्ये पाठलाग नाही, विश्वास आहे. बागेतली वाट छान आहे, हात धरून कोणीतरी नेतंय, आणि शेवटी फसगत. इथे ‘भूलथापा देऊन झुलवत ठेवणे’. “बिल्डरनं दोन वर्षं ताबा देतो म्हणून झुलवत ठेवलं” हे गार्डन पाथ. “घेणेकरी दाराशी आले तेव्हा गावाला गेल्याचं सांगून त्यांना कात्रजचा घाट दाखवला” हा घाट. ‘गोड बोलून गळा कापणे’ इथे नको, त्यात घात फार मोठा आहे.

‘वाइल्ड गूज चेस’ यादीत असेल तर त्याला ‘मृगजळामागे धावणे’. त्यात फसवणारा असायलाच हवा असं नाही, वणवण मात्र हवी. ‘रेड हेरिंग’ हे नाम आहे, क्रियापद नाही. लक्ष भलतीकडे वळवणारा मुद्दा किंवा पुरावा, म्हणून ‘दिशाभूल करणारा धागा’. आणि ‘गिव्ह समवन द स्लिप’ला ‘हातावर तुरी देणे’. त्यात खोटी खूण लागत नाही, नुसतं शिताफीनं सटकणं पुरतं.

कर्वेरस्ता

आभार, हा भाग नव्यानेच लिहावा लागेल. ‘ब्रेक द आइस’ला ‘कोंडी फोडणे’ आणि ‘बॉल’ला ‘चेंडू तुमच्या कोर्टात’ हे दोन्ही वर्तमानपत्रांत दिसतात म्हणून घेतले होते.

शनिवारपेठ

‘कोंडी फोडणे’ चूक आहे. कोंडी होते ती आधी बोलणी होऊन अडल्यावर, तिला इंग्रजीत ‘ब्रेक द डेडलॉक’. बर्फ असतो तो कोणी बोलायला सुरुवातच केलेली नसते तेव्हा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळे बशीकडे बघत बसलेले असतात आणि एखादी मावशी प्रवासाचं विचारते, तो ‘आइसब्रेकर’. साधं ‘अवघडलेपण घालवणे’ लिहा. ‘भीड चेपणे’ जवळचा वाटतो, पण त्याला अनेकदा वाईट छटा येते, “एकदा खोटं पचलं की भीड चेपते.” म्हणून नको.

‘कोर्ट’ तर काढाच. टेनिसचं मैदान हा अर्थ मराठीत आहे, पण कोर्ट म्हटलं की आपल्याला आधी शिवाजीनगरचं कोर्ट आठवतं. ‘चेंडू आता सरकारच्या कोर्टात’ असं एखाद्या खटल्याच्या बातमीत आलं की वाचणारा अडखळतो, प्रकरण न्यायालयात आहे की सरकारकडे? ‘आता निर्णय तुमच्या हाती’ किंवा ‘पुढचं पाऊल तुमचं’ पुरे.

उसन्या वाक्प्रचारांना आक्षेप नाही. ‘पांढरा हत्ती पोसणे’, ‘नक्राश्रू ढाळणे’, ‘हिमनगाचं टोक’, ‘लालफितीचा कारभार’ हे आता आपलेच आहेत. पांढऱ्या हत्तीला तर मराठीनं स्वतःचं क्रियापद दिलं. पोसणे म्हटलं की खर्च आपोआप कळतो.

मुळाकाठ

एक व्याकरणाची चाचणी सुचवते, शिक्षकांना उपयोगी पडेल. वाक्य कर्मणी करून बघा. ‘स्पिल द बीन्स’चं ‘द बीन्स वर स्पिल्ड’ होतं, अर्थ टिकतो, कारण बीन्स म्हणजे गुपित असं वेगळं काढता येतं. मराठीतही ‘बिंग फोडलं’, ‘बिंग फोडलं गेलं’ दोन्ही चालतं. पण ‘किक द बकेट’चं (म्हणजे मरणे) ‘द बकेट वॉज किक्ड’ केलं की खरोखरीची बादली उरते. तसंच ‘हातावर तुरी दिल्या’ ठीक, ‘तुरी दिल्या गेल्या’ म्हटलं की डाळीचं दुकान आठवतं. असे वाक्प्रचार फोडायचे नाहीत, अख्खेच पाठ करायचे, हे मुलांना सांगितलं की निम्म्या चुका टळतात.

आणि ‘किक द बकेट’समोर ‘निधन होणे’ लिहिलं असेल तर बदला. इंग्रज कोशकार फ्रान्सिस ग्रोसनं १७८५ मध्ये तो नोंदवला तोच मुळी बाजारू बोलीच्या कोशात. त्याची पातळी ‘गचकणे’ची आहे. एखाद्या मुलानं शोकपत्रात तो वापरला तर कुटुंबाला लागेल.

कर्वेरस्ता

‘निधन’च लिहिलं होतं. बदलते. ‘पीस ऑफ केक’ला ‘हातचा मळ’ ठेवलंय, ते राहू देऊ?

कात्रजबोगदा

राहू द्या, पण वाक्यात कर्ता बघा. ‘हातचा मळ’ला सराव झालेला माणूस लागतो: “तिला गणित म्हणजे हातचा मळ.” नवख्यालाही पेपर सोपा गेला, तर ‘द एक्झाम वॉज अ पीस ऑफ केक’ चालतं, पण ‘परीक्षा हातचा मळ होती’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘पेपर अगदीच सोपा होता’ एवढंच.

शंका आली तर दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश उघडा. त्यात वाक्प्रचार पूर्ण रूपात सापडतो, आणि कर्ता कोण ते तिथेच कळतं.