मदत हवी आहे : स्विमिंग पूलचं काम अर्धवट पडलंय, पुढे काय करायचं?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्या इमारतींचा मिळून एकच स्विमिंग पूल आहे. गळती लागली म्हणून गेल्या उन्हाळ्याआधी टाइल्स फोडल्या, तेव्हापासून तसाच उघडा पडलाय. वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून कॉन्ट्रॅक्टर गायब. फोन केला की "माणसं गावाला गेलीत". पावसात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या, शेवटी पंप लावून आम्हीच उपसा केला.

खरी गोम पुढे आहे. त्याला टाइल्सचे पैसे आगाऊ हवेत. माझं म्हणणं, आधी पूल भरून आठवडाभर ठेवा. पातळीवर खूण करा, आतल्या पायरीवर भरलेली बादली ठेवा. उन्हाने दोन्हीकडचं पाणी थोडं उडणारच, पण बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहेच. कमिटी म्हणते, "उगाच ताणू नका, देऊन टाका." मेंटेनन्स मात्र पूलसकट वसूल!

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी असं अर्धवट काम दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतलंय का? आधीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी नवा माणूस घेतो का? करारात दिरंगाईचा दंड लिहिलेला नाही, तरी ग्राहक आयोगात दाद लागते का? तपासून लेखी रिपोर्ट देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर माहीत असेल तर कृपया कळवा.