दुःखातल्या घरी नाताळचा फराळ न्यावा का?

नगरची_लेक
नमस्कार. नगरला सावेडीत राहते. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकच. समोरच्या काकूंचा मुलगा आषाढात गेला, 32 वर्षांचा. दिवाळीला त्यांच्याकडे आकाशकंदील नव्हता, कढईही चढली नाही. 11 वर्षं झाली, दिवाळीला त्यांच्या चकल्या आमच्याकडे आणि नाताळला माझ्या करंज्या त्यांच्याकडे. यंदा मीच अडखळलेय. आमच्या दारातला तारा त्यांच्या उंबऱ्यातून थेट दिसतो, रोज संध्याकाळी बटण दाबताना कसंतरीच होतं.

डबा न्यावा का? शिवाय 21 तारखेला रात्री चर्चची कॅरलवाली पोरं ढोलकी-गिटार घेऊन येणार. दार लावलं तरी आवाज आत जातोच. सासूबाई म्हणतात, "आनंदाची बातमी आहे, लपवायची कशाला?" पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

(केक सुचवू नका. काकू माळकरी, अंडं चालत नाही.)

पेठेतला
मी हिंदू, आमच्याकडचं सांगतो. दुःखाच्या वर्षात घरात सणाचं तळण करत नाहीत, पण बाहेरून आलेलं चालतं. उलट शेजारच्यांनी, नातेवाइकांनी आणायचंच असतं. वडील गेले त्या दिवाळीला आमच्याकडे नऊ डबे आले. दरवर्षी ज्या घरून यायचा तिथून मात्र आला नाही. त्यांना वाटलं असेल, बरं दिसणार नाही. आई अजून त्या दहाव्या डब्याबद्दल बोलते.
नक्की न्या. फक्त डबा लगेच परत मागू नका. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, आणि त्यात घालायला सध्या त्यांच्याकडे काही नसेल.

वसईकर
तारा काढू नका हं. आपल्यामुळे काढला हे काकूंच्या लगेच लक्षात येईल, आणि ते वेगळंच ओझं. लुकलुकणारा असेल तर साधा बल्ब लावा.

मिशन_कंपाउंड
बाळा, माझे वडील पाळक होते, वय माझं 74. सासूबाईंना नीतिसूत्रे 25:20 काढून दे. खिन्न माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवसात अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं तिथं शलमोनच सांगतो. मग रोमकरांस 12:15. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक, दोन्ही एकाच वचनात आहे. आपण डिसेंबरात अर्धंच वाचतो.

पोरांना खालीच थांबव. पुढे कधी काकूंनी आपणहून म्हटलं, तर ढोलकी न घेता टिळकांचं एखादं भजन म्हण. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. त्यांची कितीतरी पदं अभंगाच्या वळणाची आहेत, माळकरी बाईला परकी वाटायची नाहीत.

आणि मुलाविषयी बोल. पाच महिने झाले की लोक नाव घ्यायचं टाळायला लागतात. माझ्या थोरल्याच्या वेळी मी ते सोसलंय.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार. सासूबाईंनी वचन वाचलं, चष्मा काढला, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी न सांगता करंज्यांना मुरड घालायला बसल्या.

काल डबा घेऊन गेले. काकूंनी एक करंजी मोडली आणि म्हणाल्या, "यंदा खोबरं जास्त भाजलंस." खरंच भाजलं होतं. मी म्हटलं, दादा आधी नुसती मुरड खायचा आणि सारण ठेवून द्यायचा. त्यावर त्या हसल्या, मग रडल्या, मग चहा टाकला. दीड तास बसले. येशूचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. सासूबाईंनी विचारलंच तर सांगेन.

पोरं 21 ला पार्किंगमध्येच गायली, दोनच गाणी. काकूंचं दार बंद होतं. डबा अजून त्यांच्याकडेच आहे.