विंडोज १० चा आधार संपला, पण माझं पेजमेकर अजून चालू आहे. काय करू?

अक्षरजुळणी (गडहिंग्लज)

नमस्कार. २००३ पासून मी घरातूनच अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, उत्तरकार्याची कार्डं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. घरात एकच कॉम्प्युटर, तोही स्वयंपाकघर आणि देवघराच्या मधल्या कोपऱ्यात. २०१२ ची असेंबल्ड मशीन आहे: कोअर आय३ २१२०, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. घेतली तेव्हा विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये फुकट मिळत होतं तेव्हा भाच्याने विंडोज १० करून दिलं. तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही, आणि त्यानेही मला फार छळलेलं नाही.

आता स्क्रीनवर पाटी येते की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, संपला आणि या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. गावातल्या दुकानदाराला विचारलं. त्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही, "ताई, हे भंगार झालं, नवीन ४२ हजारांत देतो" म्हणाला. पुण्यातला मुलगा म्हणतो, "विंडोजऐवजी लिनक्स टाक, फुकट आहे." दोघंही माझं काम न बघताच बोलतायत.

माझं काम असं. पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामवर सगळं चालतं. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवाल्या जमान्यातलं आहे. यूएसबीचा तो निळा तुकडा, म्हणजे डोंगल, मागे लावला तरच मराठी उमटतं. २२ वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टात आहेत. अहवालाला मागच्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदाचे आकडे बदलायचे, संचालकांत कोण गेलं कोण आलं ते बघायचं, झालं. मग लेझरजेट १०२० प्रिंटरवर ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरची प्रत) काढून प्रेसला द्यायचं.

याच मशीनवर बँकेचं खातं बघते आणि व्हॉट्सअॅप वेबवरून प्रूफं पाठवते. हल्ली लोक पत्रिकेचा मजकूरही व्हॉट्सअॅपवरच पाठवतात. तो उचलून पेजमेकरमध्ये टाकला की नुसती प्रश्नचिन्हांची रांग. मग परत सगळं टाइप करायचं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून.

तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतात, त्याआधी काय ते ठरवायचं आहे. ४२ हजार माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी नव्या मशीनवर तो निळा तुकडा चालेल याची हमी दुकानदार देत नाही.

---

नाशिकचा बाळ्या

ताई, घाबरू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा दुसऱ्या पिढीचा आहे म्हणून ती पाटी येते. पण रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवला तर ही तपासणी वगळता येते. पहिल्या पिढीआधीचे प्रोसेसर आता अडतात, कारण त्यांना काही सूचनाच कळत नाहीत. तुमच्याला कळतात. मी मामाच्या तिसऱ्या पिढीच्या आय५ वर टाकलंय, मस्त चाललंय. एक संध्याकाळचं काम आहे.

---

निवृत्त पण जागा (डोंबिवली)

बाळ्या, मामाच्या मशीनवर मामा काय करतात? क्रिकेट बघत असतील. ताईंचं पोट त्या मशीनवर आहे. वगळून टाकलेल्या विंडोज ११ ला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. त्यात ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क. चालू होईपर्यंत चहा होऊन निवेल.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो. २०१९ पासून घरी मिंट नावाचं लिनक्स वापरतो, तेव्हा थोडंफार सांगू शकतो.

पहिलं म्हणजे लगेच काही कोसळत नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची ओळ दिसते. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. हे आजच करा, म्हणजे हा लग्नाचा हंगाम निभावेल.

दुसरं, पैसे घालायचेच तर रॅम आणि एसएसडीत (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कमध्ये) घाला. एच६१ बोर्डात डीडीआर३ चे दोन खाचे असतात. ४ जीबीची एक जुनी पट्टी मिळाली की ८ होतील. माझी मी लॅमिंग्टन रोडला घेतली, पुण्याकडच्यांना तापकीर गल्ली आहे. फिरती डिस्क जाऊन एसएसडी आली की मशीन ओळखू येणार नाही. प्रोसेसर बदलूनही एवढा फरक पडत नाही.

तिसरं, मिंट. आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला धक्का न लावता चालतं. तुमच्या मशीनला एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लेझरजेट १०२० मात्र प्लगिन (एचपीचा वेगळा जोडप्रोग्राम) मागतो. प्रिंटर चालू केला की दर वेळी त्याच्यात फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) भरावं लागतं, आणि ते काम त्या प्लगिनचं. एचपीचा सेटअप प्रोग्राम तो नेटवरून स्वतः उतरवून घेतो, फक्त त्या वेळी नेट चालू हवं. मी हे न कळल्यामुळे दोन दिवस प्रिंटरला शिव्या घालत बसलो होतो.

---

अक्षरजुळणी (गडहिंग्लज)

काका, आभारी आहे. नावनोंदणी केली. खरंच पैसे घेतले नाहीत.

पण पेजमेकर लिनक्सवर चालेल का? मुलगा म्हणतो विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं "वाइन" नावाचं काहीतरी आहे. नाव ऐकून सासूबाई बघतच राहिल्या.

---

सोलापूर प्रेस

सासूबाईंना नमस्कार सांगा.

ताई, तुमचाच धंदा माझा, १९९८ पासून. तुमची अडचण मशीनची नाही आणि विंडोजचीही नाही, फॉन्टची आहे. वाइनमध्ये पेजमेकर एखादे वेळी उघडेलही, पण डोंगलला जो ड्रायव्हर लागतो तो तिथे बसत नाही. आणि डोंगल नाही तर मराठी नाही.

आपले ते जुने फॉन्ट म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. फाइलच्या आत 'क' नसतोच. एखादं इंग्रजी नाहीतर खुणेचं अक्षर असतं, आणि फॉन्ट त्याला 'क' सारखं रंगवतो. अर्धा 'क' वेगळा, काना वेगळा, वेलांटीचेही लांबी बघून दोन-तीन प्रकार. म्हणून फॉन्ट काढला की कचरा दिसतो. आणि व्हॉट्सअॅपवरून येतो तो युनिकोड. तिथे 'क' हा खराच 'क' असतो. पेजमेकर युनिकोडच्या आधी घडलेलं, त्याला तो कळत नाही म्हणून प्रश्नचिन्हं. तुम्ही विंडोज ११ घ्या नाहीतर ४२ हजारांची मशीन घ्या, ही प्रश्नचिन्हं जाणार नाहीत.

मी काय केलं ते सांगतो. जुनी मशीन मोडली नाही, तिची नेटची वायर काढली. नेटच नाही म्हटल्यावर अपडेट बंद झाले काय आणि चालू राहिले काय. फक्त दुसऱ्याचा पेनड्राइव्ह तिला लावायचा नाही, एवढा सोवळेपणा पाळायचा. जुनी कामं तिच्यावरच. नवीन काम युनिकोडमध्ये, लिनक्सवर. पुस्तकं-अहवाल स्क्रायबसमध्ये, छोटी कार्डं लिबरऑफिस ड्रॉमध्ये. १.६ आवृत्तीपासून स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. त्याच्या फार पूर्वी एकदा पाहिलं होतं तेव्हा वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लटकली होती, म्हणून वर्षानुवर्षं मी त्याचं नाव घेत नव्हतो.

लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरची फाइलही उघडतं. चौकटी, रेघा, बरीचशी मांडणी येते. अक्षरं कचराच येतात, पण ती निवडून रूपांतर करता येतात. त्यासाठी जुन्या फॉन्टांचे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. मात्र रूपांतर झाल्यावर रफार आणि 'ऱ्य' डोळ्यात तेल घालून तपासा.

आणि २२ वर्षांच्या सगळ्या फाइली बदलत बसू नका. २००९ सालची लग्नपत्रिका परत कोण मागणार आहे? (मागितली तर अभिनंदन करा आणि दुप्पट घ्या.) दर वर्षी परत येतात ते अहवाल तेवढे बदला. उरलेल्यांपैकी महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ आजच काढून ठेवा. डोंगल एक दिवस जाणार. माझा गेला. तो बनवणाऱ्यांनी फोन उचलला आणि "ती आवृत्ती बंद झाली" एवढंच सांगितलं. तोवर ४० फाइली पीडीएफ केल्या होत्या, बाकीच्यांवर पाणी सोडलं.

---

नाशिकचा बाळ्या

हे मला माहीत नव्हतं. मी मागे घेतो. रुफस मामापुरता.

---

निवृत्त पण जागा (डोंबिवली)

सोलापूरकरांचं बरोबर आहे, आणि त्यासाठी दुसरी मशीनही लागणार नाही. ताई, नवीन एसएसडीवर मिंट टाका आणि जुनी डिस्क तशीच आत राहू द्या. एक पथ्य मात्र: मिंट टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवा. मग चुकून काही पुसायचं म्हटलं तरी पुसलं जाणार नाही. काम झालं की परत लावा. चालू करताना एक की दाबली की कुठल्या डिस्कवरून जायचं ते विचारतं. काही बोर्डांवर एफ८ असते, काहींवर एफ११ किंवा एफ१२. विंडोजमध्ये गेलात की नेट बंद, मिंटमध्ये चालू.

---

अक्षरजुळणी (गडहिंग्लज)

तीन आठवड्यांनी लिहितेय, हंगाम सुरू झाला म्हणून उशीर.

मुलगा दिवाळीत येऊन गेला. येताना २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची रॅमची पट्टी घेऊन आला. काकांनी सांगितलं तसं जुन्या डिस्कची वायर मी स्वतः काढली. तो "अगं, लागत नाही तेवढं" म्हणत होता. म्हटलं, बावीस वर्षं तुझी आहेत की माझी? कॅबिनेटमधून निघालेली धूळ पाहून सासूबाईंनी केरसुणी आणून दिली.

मिंट अर्ध्या तासात बसलं. प्रिंटरचं प्लगिन दुसऱ्या खेपेला उतरलं. मग एक घोळ झाला. मिंटवर काम करून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे. मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला, तो बदलला, तरी तेच. शेवटी मुलाने शोधलं: बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. मिंटला एका ओळीची आज्ञा दिली आणि थांबलं. मुहूर्ताच्या पत्रिका करणाऱ्या बाईच्या मशीनने वेळ चुकवायची म्हणजे शोभतं का?

टायपिंगला दोन दिवस लागले. मी जुन्या टाइपरायटरच्या बोटांची, युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळपाटीला हात अडखळतो. कुऱ्हाडे आडनावाची पत्रिका आली तेव्हा 'ऱ्ह' काही जमेना, साध्या 'र'ला हलन्त दिला की तो रफार होऊन डोक्यावर बसायचा. शिफ्ट धरून जे दाबला की वेगळा 'ऱ' येतो, मग हलन्त, मग 'ह', हे कळायला एक रात्र गेली. तेवढ्या वेळात चार पत्रिका झाल्या असत्या.

पहिली पूर्ण पत्रिका लिबरऑफिसमध्ये केली. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर उचलला, टाकला, तस्साच उमटला. मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. प्रूफ पाठवल्यावर वधूचे आजोबा, निवृत्त शिक्षक, त्यांचा निरोप: "ल आणि श हिंदी वाटतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श कुठे गेला?" माझ्या डोळ्यांना खुपलंच होतं, पण वाटलं कुणाच्या लक्षात येणार. काही युनिकोड फॉन्टांत मराठीचे ल आणि श आत दडलेले असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. माझ्याकडे हिंदी निवडलेली होती. आता मथळ्यांना राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरते, तो मोफत आहे.

अहवालांपैकी दोन बदलून झाले. सोलापूरकर, रफारांचं तुम्ही सांगितलंत ते खरं ठरलं. 'कार्यकारी' च्या जागी एका पानावर 'कायर्कारी' झालं होतं आणि मी ते तीनदा वाचूनही सोडलं होतं. सासूबाईंनी पकडलं. डोंगल आहे तिथेच आहे, पीडीएफ रोज रात्री दहा-दहा काढते, १८० झाल्या.

दुकानदार परवा रस्त्यात भेटला, "घेणार ना ताई नवीन?" म्हणाला. म्हटलं, भंगार चाललंय अजून.

एकच अडलंय. गणपतीची सगळी चित्रं कोरलड्रॉ या चित्रांच्या प्रोग्रामच्या फाइलींत आहेत. मिंटवरच्या इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये गणपती सुरेख उघडतो, सोंडेची रेघही जिथल्या तिथे, पण पायाशी बसलेला उंदीर सबंध काळा ठिक्कर येतो. नुसता उंदीरच. कुणाला माहीत असेल तर सांगा, शुक्रवारी ट्रेसिंग द्यायचं आहे.