वसाहत आणि राज्यकर्ता देश यांच्यात ‘वितुष्ट’ येते का?

प्रश्न : इतिहासाच्या टिपणांत मी असे लिहिले होते : ‘अमेरिकेतील तेरा वसाहती आणि ब्रिटन यांच्यात वितुष्ट आले, तसेच ते पुढे गोवा आणि पोर्तुगाल यांच्यात आले.’ दुसऱ्या ‘वितुष्ट’ला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. तो रास्त आहे का?

उत्तर : रास्त आहे. तुष्ट म्हणजे प्रसन्न. ती प्रसन्नता आधी असावी लागते, तेव्हाच ती जाऊन वितुष्ट येते. भावाभावांत, व्याह्यांत, जुन्या भागीदारांत वितुष्ट येते. तेरा वसाहतींतील बहुतेक गोरे रहिवासी स्वतःला ब्रिटिश राजाचे प्रजाजन मानत होते, आणि संसदेत आपला प्रतिनिधी नसताना 1765 मध्ये मुद्रांक कर लादला गेला याचा त्यांना राग होता. 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात चहा फेकला गेला, 1776 मध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले. ते घरातले भांडण होते, म्हणून तिथे हा शब्द शोभतो.

गोवा पोर्तुगिजांनी 1510 मध्ये आदिलशाहीकडून जिंकून घेतला. तिथल्या रयतेचा लिस्बनशी कोणता स्नेह होता, की तो तुटावा? खरे तर तिथे ‘वसाहत’ हा शब्दही अडचणीचा आहे. आपल्या सोलापुरात वसाहत म्हटले की अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत किंवा विडी कामगारांची घरकुले डोळ्यांसमोर येतात. म्हणजे कोणी तरी येऊन वसलेले असते. मुळात वसलेल्याच लोकांवर परक्याने राज्य करणे हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. 1951 मध्ये पोर्तुगालने तर ‘वसाहत’ शब्दच पुसून ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. प्रांत म्हटला की वाद घरचा ठरतो आणि बाहेरच्याला बोलता येत नाही. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हा दावा व्यवहारात टिकला.

अशा ठिकाणी ‘असंतोष’ हा शब्द अचूक आहे. टिळकांना ‘असंतोषाचे जनक’ म्हणतात, वितुष्टाचे नव्हे. ‘बेबनाव’ मित्रपक्षांसाठी ठेवावा.

पुरवणी : असंतोषही कुठे कुठे अपुरा पडतो. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जे घडले त्याला सरकारने दंगल म्हटले, आपण उठाव म्हणतो. 12 मे रोजी लागू झालेल्या अंमलाला ‘लष्करी कायदा’ असा प्रतिशब्द असूनही आपल्याकडे सगळे ‘मार्शल लॉ’च म्हणतात, आणि 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना फाशी झाल्यावर ‘संबंध ताणले गेले’ असे लिहिणे मला तरी लाजिरवाणे वाटते.

ग्रीनलंडविषयी मात्र ते वाक्य चालेल. तो 1953 पर्यंत डेन्मार्कची वसाहत होता, पण 1979 मध्ये अंतर्गत स्वराज्य आणि 2009 मध्ये अधिक व्यापक स्वशासन मिळाल्यामुळे आता तिथे दोन सरकारे समोरासमोर बसतात. ताणा दोन्ही टोकांना धरलेला असेल तरच मागावर ताण बसतो, हे विणकराच्या गावात वेगळे सांगायला नको.