मदत हवी आहे: डांबरी रस्ता आणि वाळू, दोन्हीसाठी कोणती एसयूव्ही घ्यावी?

नमस्कार मंडळी. माझं बहुतेक ड्रायव्हिंग डांबरी रस्त्यावर असतं, पण महिन्यातून दोनतीनदा मऊ, कोरड्या वाळूत गाडी घालावी लागते. आधीची टू-व्हील ड्राइव्ह गाडी चेसिसपर्यंत रुतली होती, घरची माणसं आत होती. तो प्रसंग पुन्हा नको.

सध्या सुझुकी जिम्नी मनात आहे. वजनाला हलकी, लॅडर फ्रेम (बॉडीखाली वेगळा मजबूत सांगाडा), लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) आणि २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. वाळूत हलकेपणा फार कामाला येतो असं मला वाटतं. पण हायवेवर दिवसभर चालवून पाठ धरते का? शिवाय तिची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे कोरड्या डांबरावर टू-व्हीलमध्येच चालवायची. मग पावसाळी रस्त्यावर फुल-टाइम ऑल-व्हील ड्राइव्हची मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच असलेली) गाडी जास्त भरवशाची नाही का? तिला लो रेंज नसली, तर लांब वाळूत गिअरबॉक्स तापतो का?

टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवायची, हे माहीत आहे. पण रोजच्या रस्त्यासाठी हायवे टेरेन (पक्क्या रस्त्याचे) टायर ठेवावेत की ऑल टेरेन (पक्का रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींचे)?

ज्यांनी स्वतः वाळूत गाडी चालवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.