त्रिंचातो फोर्ते: कडक, स्वस्त इटालियन पाइप तंबाखूचे अनुभव

पडवी
आज पहाटे गावी मामीने बंब पेटवला. लाकूड ओलसर होतं, धूर मागच्या पडवीत कोंडला आणि मी टॉवेल खांद्यावर घेऊन तिथेच थांबलो. तोच वास! मिलानच्या आमच्या घरमालकांच्या गॅलरीतला.

२००९ ते २०११ मी तिथे शिकायला होतो. मालक ऐंशीच्या घरातले. मनात आजोबा म्हणायचो, तोंडाने सिन्योर. रात्री जेवण झालं की गॅलरीत बसून त्रिंचातो फोर्ते ओढायचे. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त पुड्यांपैकी एक. त्रिंचातो म्हणजे चिरलेला, फोर्ते म्हणजे कडक. तोस्कानो सिगारला लागते तीच कंटकी जातीची पानं. व्हॅनिला नाही, चेरी नाही, कसलाही सुगंध घातलेला नाही.

एकदा त्यांनी मला पाइप भरून दिला. मी सिगरेटसारखा धूर छातीत घेतला. दोन मिनिटांत कपाळावर घाम, तोंडाला पाणी, आणि मी फरशीवर बसलो. त्यांनी साखरेचं पाणी आणून दिलं, हसले नाहीत. मग शिकवलं: पहिली चिमूट सैल, दुसरी जरा दाबून, तिसरी घट्ट. धूर तोंडातच ठेवायचा, घशाखाली जाऊ द्यायचा नाही. विझला तर विझू दे, पुन्हा पेटव, घाई कशाची?

पहिली दहा मिनिटं जिभेला बोचतो. मग मऊ होतो आणि तळाशी येताना भाजलेल्या चिंचोक्यासारखा गोडूस लागतो. ही चव मला नंतर कुठल्याच महागड्या डब्यात सापडली नाही.

मी २०१४ला सोडलाय, त्यामुळे कुणाला सुरू करा म्हणत नाहीये. पण ज्यांनी ओढलाय त्यांनी लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

दर्यावर्दी
रिकाम्या पोटी नको. एवढं आधी लिहून ठेवतो, बाकीचं जहाजावरचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपल्यावर.

मीनल_ठाणे
तंबाखूचं माहीत नाही पण त्या टी लिहिलेल्या दुकानात मी किती खेपा घातल्यात! मार्का दा बोल्लो, म्हणजे सरकारी अर्जाला लावायचा स्टॅम्प, तिथेच मिळायचा ना. पेर्मेस्सोच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, अर्जाला १६ युरोचा लागायचा, आणि माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेमका संपलेला असायचा.

पडवी
@मीनल_ठाणे हो हो, बसचं तिकीटही तिथलंच. जुन्या पाट्यांवर अजून 'मीठ आणि तंबाखू' असं लिहिलेलं दिसतं, कारण पूर्वी दोन्हींची मक्तेदारी सरकारकडे होती.

मीनल_ठाणे
मीठ?? आपल्या दांडीचीच आठवण झाली. बरं, तुम्हाला पेर्मेस्सो किती महिन्यांनी मिळाला? मला मिळेपर्यंत परत यायची वेळ झाली होती.

पडवी
सात महिने. पावती जपून जपून तिचा कपडा झाला होता.

दर्यावर्दी
आता लिहितो. जिनोआ आणि लिव्होर्नो, दोन्हीकडून घेतलाय. जहाजावर ठरलेल्या जागीच ओढायची परवानगी, आणि डेकवर वारा असला की पाइप भराभर जळतो, तापतो, जीभ सोलून निघते. फोर्ते वाऱ्यात ओढू नये. मी मक्याच्या कणसाचा पाइप ठेवला होता त्याच्यासाठी. स्वस्त, आणि ह्या तंबाखूचा वास एकदा लाकडात मुरला की दुसरं काही त्यात गोड लागत नाही.

माझ्यावर त्याचा हमखास परिणाम म्हणजे उचकी. अर्धा पाइप झाला की सुरू. आमचा गोव्याचा कुक दुरूनच ओळखायचा, न विचारता गूळ आणून द्यायचा. देवमाणूस. शेवटी मी अर्धा फोर्ते आणि अर्धा साधा व्हर्जिनिया मिसळून ओढायला लागलो, तेव्हा जमलं.

अजून एक. पुडा मला नेहमी भुश्यासारखा कोरडा मिळाला. सफरचंदाची फोड टाकली की रात्रभरात नरम होतो. पण फोड सकाळी काढायचीच. मी विसरलो एकदा, बंदर आलं, धावपळ झाली, चौथ्या दिवशी बघतो तर सगळ्यावर बुरशी.

चंची
मी ओढलाय, मला आवडला नाही. खरं सांगतो. लोक म्हणतात रांगडा, मला नुसता चरचरीत लागला. पाइप मी शांत बसायला घेतो, कुस्ती खेळायला नाही. मित्राने आणलेला पुडा दोन वेळा भरला आणि परत दिला. स्वस्त आहे हे खरं, पण मला स्वस्तात डोकेदुखी नको.

दर्यावर्दी
@चंची दोन वेळात नाही कळत तो. पण डोकं दुखलं तर सोडलात तेच बरं केलंत.

निपाणी_वखार
आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू. भाच्यानं इटलीतनं हाच पुडा आणलेला. वडील तेव्हा होते. त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, नाकाला लावली आणि म्हणाले, हे पान उन्हात वाळलेलं नव्हं, धुरावर धरलंय. पुड्यावरचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

आमचा बिडीचा तंबाखू रानात भुईवर उन्हात वाळतो. सिगरेटचा व्हर्जिनिया भट्टीत, पण तिथं पत्र्याच्या नळांतनं नुसती ऊब फिरते, धूर पानाला शिवत नाही. आणि हे कंटकी पान थेट धुरात टांगलेलं. तिन्ही तंबाखूच, पण वास तीन गावचे. वडिलांनी ओढला नाही, ते कधीच ओढत नव्हते. पण ती चिमूट कागदात बांधून गादीच्या खणात ठेवलेली. ते गेल्यावर आवरताना सापडली. वास होता अजून.

पडवी
@निपाणी_वखार दादा, हे वाचून गप्पच झालो. वडिलांनी अचूक ओळखलं.

आमचे सिन्योर मूळचे तोस्कानातल्या वाल्तिबेरिना खोऱ्यातले, तिथे हे पीक घेतात. लहानपणी गावातल्या वाळवण-घरात राखणीला बसायचे. वर तुळयांना पानं टांगलेली, खाली जमिनीवर ओकची लाकडं धुमसत ठेवायची. ज्वाळा उठू द्यायची नाही, उठली तर पीकही गेलं आणि घरही. म्हणून रात्रभर कुणीतरी जागं हवं. त्यांचं म्हणणं होतं की पाइप पेटवला की आईच्या पदराचा वास येतो, कारण त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना तोच धूर.

सुलभाताई
आमच्याकडे हे पाइप ओढायचे. कुठला ते ठाऊक नाही पण काळा आणि उग्र. गोधड्यांना वास लागायचा म्हणून मी भांडायचे. आता भांडायला कुणी नाही. एक गोधडी धुतलेली नाही अजून.

दर्यावर्दी
ताई 🙏

मीनल_ठाणे
सुलभाताई, नका धुऊ.

कसबा_पेठ
फुटबॉलवाले कुणी नाहीत का इथे? १९८२! माद्रिदला पश्चिम जर्मनीला ३-१ हरवून इटली विश्वविजेती झाली, प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत, तोंडात कायम पाइप. राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी, तेही पाइपवाले. परतीच्या विमानात दोघं पत्ते खेळायला बसले, सोबत गोलरक्षक झोफ आणि काउझियो, आणि टेबलावर विश्वचषक. तो फोटो मी वहीच्या मलपृष्ठाला चिकटवला होता. ते कुठला तंबाखू ओढायचे ते नाही सांगता येणार, पण पाइप म्हटलं की मला तो फोटोच दिसतो.

चंची
@कसबा_पेठ त्या अंतिम सामन्यातला तार्देल्लीचा गोल! मुठी आवळून, ओरडत धावला होता तो. काय माणूस.

कसबा_पेठ
आठवण काढलीत, आता आज काम होत नाही माझं.

ऋतुजा
धागा वाचला, सगळ्यांचं छान आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे बाबा पाइपच ओढायचे आणि धूर आत घेत नाही म्हणजे धोका नाही असं ठामपणे सांगायचे. त्यांना जिभेचा कर्करोग झाला. शेवटचं दीड वर्ष ते पाटीवर लिहून बोलले. धूर फुप्फुसात गेला नाही तरी तोंडात तर असतोच ना. तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल तर कृपा करून दाखवून या.

पडवी
ऋतुजा, लिहिलंस ते फार बरं केलंस. 'धूर घशाखाली जाऊ द्यायचा नाही' हे मी वर लिहिलंय ते फक्त चक्कर येऊ नये म्हणून. त्याने सुरक्षित होतो असा अर्थ कुणी घेऊ नये.

दर्यावर्दी
ऋतुजा, माझ्या गालात आतून एक चट्टा आहे. दोन महिने झाले. इतके दिवस बघू बघू करत होतो. रत्नागिरीला उतरलो की पहिलं काम तेच.

ऋतुजा
काका, उतरेपर्यंत थांबू नका. जहाजावरून फोटो पाठवून डॉक्टरांना विचारता येत असेल तर आजच विचारा. आणि इथे येऊन सांगा काय झालं ते. मी वाट बघते.

दर्यावर्दी
बरं पोरी. कप्तानाशी बोलतो आत्ता.

सुलभाताई
पडवी, तुमच्या मामींचा बंब तांब्याचा आहे का हो? आमचा गळायला लागलाय. पुण्यात तांबट आळीत कल्हई आणि डाग लावून देणारं कुणी अजून बसतं का?

कसबा_पेठ
ताई, मी तिथून दोन गल्ल्यांवर राहतो. संध्याकाळी चक्कर मारून विचारून येतो. तोटी गळतेय की बूड, तेवढं सांगा.

सुलभाताई
बूड.