होडीच्या डोलकाठीला तारेचे ताण द्यावेत की दोराचे? मदत हवी आहे

भाऊंनो, शिडाची लहान होडी बांधतोय. प्लायवूडची, बारा फुटी. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियम पाइपची. फिरवणार गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात, पवनीकडच्या बाजूला. काठी उभी धरायला दोन ताण बाजूंना, एक पुढे नाकाकडे. हे ताण कशाचे घ्यावेत?

बोअरवेलच्या सामानाच्या दुकानात गॅल्व्हनाइज्ड वायर रोप मिळते, पण ती बारीक तारांची, लवचीक. मोटर लटकवायला ठीक, डोलकाठीला नाही. स्टेनलेसची १×१९ तार (एकाच पिळात १९ तारा) कमी ताणते, म्हणून सहसा तीच वापरतात. पाणी गोडं आहे, तर स्टेनलेसची ३०४ प्रत चालेल की गंजाला जास्त टिकणारी ३१६ च घ्यावी? खरी अडचण टोकांची. ही तार इतकी ताठ असते की थिंबलभोवती (फासाच्या आत बसणारी धातूची खोबणीदार कडी) नीट वळत नाही आणि प्रेस करून टोक बसवणारा इकडे कोणी सापडला नाही.

दुसरा पर्याय डायनिमा, म्हणजे अतिमजबूत पॉलिथिलीन धाग्यांचा दोर. हलका, हातानं स्प्लाइस होतो (दोर स्वतःतच ओवून फास करता येतो), खाली बारीक दोरीच्या वेढ्यांचं लॅशिंग बांधलं की ताण आवळायच्या टर्नबकलचाही खर्च वाचतो. पण सततच्या ताणानं तो हळूहळू लांबतो, उष्णतेत जास्तच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि होडी उभी राहणार उघड्यावर! तरी मन तिकडेच कलतंय, प्री-स्ट्रेच केलेला, म्हणजे आधीच ताणून काढलेला घेऊन.

३ मिलिमीटर पुरेल की ४? तुटायची भीती नाही, लांबू नये म्हणून विचारतो. किनाऱ्याला लावल्यावर तुम्ही ताण सैल करून ठेवता का? आणि नागपुरात १×१९ मीटरवर कापून, टोकं प्रेस करून देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.